जुन्या चिरेबंदी घराची गळती: पाण्याची वाट शोधण्यापासून शाकारणीपर्यंत

कौलारू घरात पाणी जिथे टपकते, बरोबर त्याच्यावरच छप्पर फुटलेले असते असे क्वचितच घडते. फटीतून आत आलेले पाणी आधी रिपेवर (कौले जिच्यावर अडकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर) उतरते, रिपेवरून वाशावर (उताराच्या तिरक्या लाकडावर) जाते, आणि वाशाच्या उताराने चार-सहा फूट खाली येऊन एखाद्या गाठीपाशी किंवा सांध्यापाशी गळते. म्हणून माजघरात थेंब पडले की त्याच्या डोक्यावरचे कौल बदलून मोकळे होऊ नये. थेंबाच्या जागेपासून वाशाच्या चढाने आढ्याकडे बघत जायचे, ओल कुठून सुरू होते ते गाठायचे आणि तिथे खडूने खूण करायची. बहुतेक वेळा ती खूण सपाट पाख्यावर (छपराच्या एका बाजूच्या उतारावर) सापडत नाही. दोन पाखी मिळतात ती पन्हळ, पडवीचे छप्पर मुख्य भिंतीला टेकते तो सांधा, आढे आणि भिंतीचा माथा या चार ठिकाणी ती सापडते. हे मार्गदर्शन जांभ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि मंगलोरी कौले असलेल्या घरासाठी आहे. नळीच्या कौलांचे छप्पर असेल तर लाकूड, भिंत आणि निचरा यांचे भाग तसेच्या तसे लागू पडतात.

कोकणात चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. हजार चौरस फूट जमीन झाकणाऱ्या छपरावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर नऊ हजार लिटरहून अधिक पाणी त्यावरून वाहते. हे पाणी सिमेंटने किंवा रसायनाने अडवून धरता येत नाही, त्याला पटकन खाली उतरू द्यावे लागते. जुन्या घराची सगळी रचना याच हिशोबाने केलेली आहे: उतार तीव्र, वळचण लांब, भिंत ओल शोषून पुन्हा सुकणारी. दुरुस्ती या रचनेच्या विरुद्ध गेली की गळती थांबत नाही, फक्त जागा बदलते.

पाऊस चालू असताना

भर पावसात कौलांवर चढू नका. शेवाळलेल्या कौलावर पाय टिकत नाही आणि भिजलेली कुजकी रीप माणसाचे वजन पेलत नाही. जे करायचे ते माळ्यावरून. आधी त्या भागाची वीज बंद करा, कारण जुन्या घरात वायरी वाशांवरूनच फिरवलेल्या असतात.

आतून बॅटरी मारून फुटके किंवा सरकलेले कौल शोधा. सरकले असेल तर आतूनच दोन्ही हातांनी थोडे उचलून पुन्हा रिपेला अडकवा. फुटले असेल तर वरचे कौल किंचित उचलून त्याखालून साधारण १२ × १८ इंचांचा पत्र्याचा तुकडा सरकवा. तुकड्याचे वरचे टोक पाऊण इंच खाली दुमडून रिपेवर अडकवायचे, खालचे टोक पुढच्या कौलाच्या पाठीवर यायला हवे. तो आतल्या बाजूला संपला तर पाणी उलट घरातच येते. पन्हळीत पाला साचून पाणी उलटत असेल तर शिडी भिंतीला दोरीने बांधून, उघाडीत, कडेवरून लांब काठीने पाला ओढा. ताडपत्री टाकायचीच असेल तर ती आढ्याच्या पलीकडे किमान तीन फूट न्या. आढ्याच्या अलीकडे संपणाऱ्या ताडपत्रीखाली पाणी शिरते.

चाकरमानी गणपतीला गावी येतात, गळती दिसते आणि सिमेंटचा गोळा थापून परत जातात. श्रावण-भाद्रपदात कायमची दुरुस्ती होत नाही. त्या दिवसांत खुणा करा, फोटो काढा, कुठल्या वाऱ्याला कुठे गळते ते लिहून ठेवा. ती वही पुढच्या कामाचा अर्धा नकाशा आहे.

कामाचा क्रम

ऑक्टोबरच्या उन्हात पाहणी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भिंती सुकू द्यायच्या आणि चुना विरवून ठेवायचा. जानेवारी ते मार्च लाकूड आणि चुन्याचे काम, एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत कौले. मृग ७-८ जूनला लागतो, पण मेच्या उत्तरार्धात वळीव कधीही येतो, तेव्हा उघडे छप्पर १५ मेनंतर ठेवू नये. कौले काढताना एका वेळी एका-दोन खणांपुरतीच काढा आणि दोन्ही पाख्यांवरून सारखी काढा. एक पाखे पूर्ण रिकामे करून दुसरे भरलेले ठेवले तर आढे भरलेल्या बाजूकडून ढकलले जाते आणि चिखलात बांधलेल्या जुन्या भिंतीला तो रेटा सोसत नाही.

लाकूड

कौलांच्या आधी लाकूड. वासा वाकला की त्यावरच्या रिपा खाली जातात, कौलांच्या खाचा एकमेकींतून सुटतात आणि नवीकोरी कौले घातली तरी त्याच जागी गळते. आढ्यापासून वळचणीपर्यंत प्रत्येक वाशावर ताणून सुतळी धरा. मधे पाऊण इंचापेक्षा जास्त पोकळी दिसली तर तो वासा सरळ करायला हवा. थोडा फरक असेल तर वाशाच्या पाठीवर लाकडी पट्टी ठोकून पातळी जुळवा. जास्त असेल तर बाजूने जोडवासा द्या.

कूज शोधायला टोकदार स्क्रूड्रायव्हर पुरतो. तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज घुसला तर लाकूड गेले. भिंतीत गाडलेली टोके, वळचणीचा शेवटचा फूट आणि पन्हळीखालचा कोनवासा आधी तपासा. कुजलेले टोक कापताना चांगले लाकूड लागल्यावरही अजून सहा इंच पुढे जाऊन कापा. जोडवासा चांगल्या भागावर किमान तीन फूट चढवा आणि १२ मिलिमीटरचे जस्ताचा मुलामा दिलेले दोन-तीन बोल्ट एका ओळीत न घेता वर-खाली घ्या. एका ओळीत घेतले तर वासा त्याच रेषेत चिरतो. जोडासाठी ऐन, किंजळ किंवा जुने सागवान वापरा. ओले, नुकते कापलेले लाकूड वापरले तर ते एका उन्हाळ्यात पिळते आणि रिपा उचलते.

पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर फिरायचा. त्याने लाकूड कोरडे राहायचे आणि भुंगा लागत नसे. गॅस आला, घरे वर्षातले दहा महिने बंद राहू लागली आणि कीड वाढली. सुक्या लाकडाला बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडचे पाण्यातले द्रावण ब्रशने दोन हात द्या. ते पाण्यात धुऊन जाते, म्हणून गळती थांबल्यावरच द्यायचे. काजूच्या टरफलांचे तेल हा किनाऱ्यावरचा जुना उपाय आजही उत्तम आहे. मात्र ते कातडीला भाजते. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय त्याला हात लावू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसल्या तर फक्त लाकडावर औषध मारून भागत नाही, जोत्याजवळच्या जमिनीचाही उपचार करून घ्यावा लागतो.

भिंतीचा माथा आणि दर्जा (चिऱ्यांमधले सांधे)

छप्पर उघडले की भिंतीचा माथा पहिल्यांदाच नीट दिसतो, आणि खरे नुकसान तिथे असते. अनेक जुन्या भिंती दोन्ही बाजूंनी चिरे आणि मधे तांबड्या चिखलाची भर अशा आहेत. माथ्यावर वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी झिरपले की आतला चिखल धुपून खाली बसतो, बाहेरून काही कळत नाही आणि मग भिंतीला पोट येते. ओळंबा लावा. दहा फुटांत इंचाहून जास्त पोट आले असेल किंवा भेगेवर पेन्सिलने केलेल्या खुणा दोन महिन्यांत सरकल्या असतील तर छपराला आधी टेकू द्या आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसे नसेल तर माथ्याचे सुटलेले एक-दोन थर काढून चुन्यात पुन्हा बसवा, पोकळी चिरेकपच्या आणि चुन्याने ठासून भरा. भाल (वाशांना आधार देणारी तुळई) चिऱ्यावर टेकताना तिच्या टोकाभोवती बोटभर मोकळी हवा राहू द्या. टोक चारही बाजूंनी चुन्यात किंवा सिमेंटमध्ये गाडले की ते आतून कुजते.

दर्जांना सिमेंट का नको, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. जांभा सच्छिद्र आहे, तो पावसात पाणी पितो आणि उघाडीत सोडतो. चुन्याची दर्ज चिऱ्यापेक्षा मऊ आणि श्वास घेणारी असते, त्यामुळे ओल तिच्यातून बाहेर पडते. सिमेंटची दर्ज टणक आणि बंद असते. ओल मग चिऱ्याच्या तोंडातून निघते, बरोबरचा क्षार तिथे साचतो, लोणा लागतो आणि पाच-दहा वर्षांत दर्ज जशीच्या तशी राहून चिराच आत खाल्ला जातो. सिमेंटच्या गिलाव्याचेही तेच. भिंत आतून ओली राहते, गिलावा फुगतो आणि पडताना चिऱ्याचा पापुद्रा घेऊन पडतो. तो काढताना टिकाव मारू नका. छिन्नी तिरकी धरून कडेपासून सोडवत या आणि जिथे तो घट्ट चिकटलेला आहे तिथे तूर्त राहू द्या.

माल असा करा: मळलेला चुना १ भाग, चाळलेली सुर्खी (विटांची भुकटी) १ भाग, नदीची धुतलेली वाळू २ भाग. खाडीची वाळू घेऊ नका, तिच्यातले मीठ भिंतीत उतरते. कळीचा चुना पाण्यात विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवा. न विरलेले खडे दर्जेत राहिले तर पुढे फुलतात आणि माल उडवतात. विरवताना चुना उकळतो. मुले लांब ठेवा, चष्मा घाला, आणि चुन्यात पाणी ओतण्यापेक्षा पाण्यात चुना टाका.

जुनी सुटी दर्ज एक इंच खोल खरवडा, ब्रशने धूळ काढा, भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवा. कोरड्या चिऱ्याने मालातले पाणी ओढले की दर्ज भुसभुशीत होते. माल दोन थरांत ठासून भरा आणि तोंड चिऱ्याच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. त्यानंतर दहा दिवस ओली गोणपाटे लावून सावली द्या. १४ × ९ × ७ इंचांच्या चिऱ्याच्या भिंतीला, पाऊण इंचाच्या आतली दर्ज धरली, तर एका ब्रासला म्हणजे १०० चौरस फुटांना दीड घनफूट माल पुरतो. ओबडधोबड जुन्या भिंतीला याच्या दुप्पट धरा.

भिंतीत पिंपळ किंवा वड रुजला असेल तर तो उपटू नका, मूळ बाहेर येताना चिरे घेऊन येते. बुंधा कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ पूर्ण मेल्यावर काढा आणि पोकळी चुन्याने भरा.

पन्हळ आणि पडवीचा सांधा

इंग्रजी एल आकाराच्या घरात दोन पाख्यांचे सगळे पाणी पन्हळीत येते. तिथला पत्रा किमान दोन फूट रुंद हवा. दोन्ही कडा अर्धा इंच वर दुमडलेल्या, कौले दोन्हीकडून पत्र्यावर चार-पाच इंच आलेली आणि मधे किमान पाच इंचांची मोकळी वाट. पत्र्याखाली सलग फळी द्या. खिळे फक्त दुमडलेल्या कडांच्या बाहेर मारा, वाटेत एकही खिळा नको. एका पत्र्यावर दुसरा चढवायचा असेल तर वरचा खालच्यावर नऊ इंच आणा. समुद्राजवळ पातळ जस्ती पत्रा लवकर गंजतो, म्हणून जाड अ‍ॅल्युमिनियम चांगला. पण ओला चुना आणि ओले सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातात. पन्हळीच्या कडेने कौलांखाली माल भरण्याची गवंड्यांची सवय इथे घातक ठरते.

पडवीचे छप्पर मुख्य भिंतीला मिळते तिथे सिमेंटचा गोळा भरलेला जवळपास प्रत्येक घरात दिसतो, आणि तो दरवर्षी फुटतो. लाकडी छप्पर ओल-उन्हाने हलते, भिंत हलत नाही. मधला कडक गोळा दोघांपैकी एकापासून सुटणारच. तो काढून टाका. कौलांच्या वर सहा इंचांवरच्या आडव्या दर्जेत एक इंच खोल खाच घ्या, पत्र्याची पट्टी त्यात खोचा, कौलांवर सहा इंच उतरू द्या, वरून लाकडी पाचरी मारून खाच चुन्याने बंद करा. दर्जेतला पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर खोचणाऱ्या कडेला आधी डांबराचा हात द्या. पट्टी कौलांना खिळू नका, तिला सरकायला मोकळीक हवी.

याच पडवीत आणखी एक अडचण असते. दार उंच राहावे म्हणून तिचा उतार कमी केलेला असतो. मंगलोरी कौलाला इथल्या पावसात एक फुटाला सात इंच चढ लागतो, म्हणजे सुमारे ३० अंश. सहा इंचांखालच्या उतारावर वारा पाणी उलटे ढकलतो आणि ते खाचांवरून आत येते. अशा पडवीवर कितीही चांगली कौले बसवली तरी गळेल. एकतर भाल उचलून उतार वाढवा, नाहीतर कौलांखाली पत्रा घाला.

कौले किती, कशी

मंगलोरी कौलाचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. नंतर अनेक कारखाने निघाले, पण सगळ्यांच्या खाचा सारख्या नाहीत. दोन छापांची कौले एका ओळीत बसवली की दिसायला बसतात आणि बाजूच्या खाचेतून पाणी सोडतात. तुमचे जुने कौल हातात घेऊन खरेदीला जा आणि जुळवून बघा. जुळणारे मिळाले नाही तर चांगली जुनी कौले एका पाख्यावर एकत्र करा आणि दुसऱ्या पाख्यावर संपूर्ण नवी घाला. पारख सोपी आहे: बोटाच्या पेराने ठोकल्यावर खणखणीत वाजले पाहिजे. बद्द आवाज आला तर त्यात केसभर चीर आहे.

हिशोब असा. वळचणीसह २४ × ३६ फूट जमीन झाकणारे दुपाखी छप्पर, उतार ३० अंश, म्हणजे छपराचे क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस फूट, अर्थात १० ब्रास. एका ब्रासला साधारण १५० कौले धरून १५००, फूट-तूट आणि पुढच्या वर्षांसाठी १० टक्के जास्त, एकूण १६५०. आढ्याची कौले ३५. दोन इंच × एक इंच रिपा सुमारे १०५० रनिंग फूट, वाशांमधले अंतर दोन फुटांपर्यंत असेल तर. एवढ्या कौलांचे वजन कोरडेपणी चार टनांच्या आसपास जाते आणि भिजल्यावर आणखी वाढते. लाकूड आधी का तपासायचे ते या आकड्यावरून कळेल.

रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. दहा कौले जमिनीवर एका रांगेत अडकवा, एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, दोन्हींच्या मधला आकडा घेऊन दहाने भागा. तो बहुधा साडेबारा इंचांच्या जवळ येतो. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा एका कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. तिच्याखाली दुसरे कौल नसते, म्हणून उंची दिली नाही तर पहिली ओळ खाली वाकते आणि दुसऱ्या ओळीच्या तळाला फट राहते. खिळे स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड जस्ती घ्या. साधे खिळे खाऱ्या हवेत लवकर संपतात.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात असंख्य घरांची कौले गेली. वाऱ्याचा सर्वांत जास्त उचल कडांवर असतो: वळचण, आढे आणि दोन्ही टोके. म्हणून वळचणीच्या पहिल्या दोन ओळी, आढ्याखालची ओळ आणि दोन्ही कडांची दोन-दोन कौले पोटातल्या भोकातून तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने रिपेला बांधा. सगळे छप्पर बांधायची गरज नाही, फुटके कौल बदलणे मग अवघड होते.

आढ्याची कौले बसवताना माल फक्त दोन्ही कडांखाली द्या आणि तोंडापासून अर्धा इंच आत ठेवा. आढ्याखालची पोकळी पूर्ण भरली की माल ओल धरून ठेवतो आणि ती आढ्याच्या लाकडात उतरते. माल सिमेंट १, चुना १, वाळू ६ असा चालतो. इथे वाऱ्यासाठी थोडी ताकद लागते, पण निव्वळ सिमेंट तडकते. काचेचे कौल उजेडाला छान, तरी त्याची खाच मातीच्या कौलात घट्ट बसत नाही. ते आढ्याच्या जवळ घाला, जिथे वरून येणारे पाणी थोडे असते.

कौलांखाली सरळ प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. रिपा थेट त्यावर ठोकल्या तर आत आलेले पाणी प्रत्येक रिपेमागे तुंबते आणि रीप तीन-चार वर्षांत कुजते. अंथरायचेच असेल तर वाफ जाऊ देणारा कागद घ्या, वाशांच्या लांबीने त्यावर एक इंच उंच पट्ट्या ठोका, मग रिपा, आणि कागदाचे खालचे टोक वळचणीबाहेर काढा. कौलांवर जलरोधक रंगही नको. रंग वरून सोलतो आणि कौल खालून ओले राहते. शेवाळ एप्रिलमध्ये सुके असताना कडक ब्रशने काढा. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने कौलाची वरची कातडी निघते.

जोत्याभोवती

वळचण भिंतीपासून किमान दोन फूट बाहेर असावी. पागोळ्या पडतात त्या रेषेत दीड फूट रुंद खडीचा पट्टा करा, म्हणजे चिखल उडून भिंतीचा पाय भिजत नाही. अंगणाचा उतार घरापासून दूर, पहिल्या पाच फुटांत दोन इंच. बाहेरची माती वर्षानुवर्षे वाढून जोत्यावर चढली असेल तर ती खणून काढा, अनेक घरांची ओल एवढ्याने निम्मी होते. वळचणीला पन्हळ लावायची तर सहा इंचांची अर्धगोल, दहा फुटांना एक इंच उतार आणि दर अडीच फुटांवर कंस. पश्चिमेच्या भिंतीला जून ते सप्टेंबर झापांची (विणलेल्या माडाच्या झावळ्यांची) आड बांधण्याची पद्धत सोडू नका. तिरक्या पावसापासून जांभ्याला तिच्याइतके स्वस्त आणि हवा खेळती ठेवणारे संरक्षण नाही.

पाणी टाकून परीक्षा

मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात, म्हणून सगळे छप्पर भिजवत बसू नका. पन्हळ, पडवीचा सांधा आणि आढे एवढ्यांवरच झारीने पाणी सोडा. नेहमी खालून वर जा, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे थांबा, आणि माळ्यावर एक माणूस बॅटरी घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या फटीतून शिरले की वरच्या, हे कळत नाही. पहिल्या दोन मोठ्या सरींत पुन्हा माळा बघा. नवी कौले पहिल्या पावसात खालून किंचित ओलसर दिसतात. ती गळती नाही. थेंब धरून पडला तरच खूण करा.

पुढे दर एप्रिलला पन्हळीतला पाला काढणे, माकडांनी हलवलेली कौले जागेवर आणणे, छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटणे, आढ्याचा सुटलेला माल बघणे, एवढे एका दिवसाचे काम ठेवा. उरलेली दीडशे कौले पडवीत उभी करून ठेवा, आडवी रचली तर खालची चिरतात. घर बंद ठेवून जाताना माळ्याचे झरोके उघडे ठेवा, त्यांना जाळी मारा आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्या जो मोठ्या पावसानंतर माळ्यावर चढून एकदा वर बघेल.